अकरा रकाने आणि टेबलाखाली बसलेला मुलगा

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढून टाकलंय): मुलगा सव्वाचार वर्षांचा. आई-बाबा दोघंही नोकरीला, दिवसा घरी आजी. मुलाचा सर्वांगीण विकास व्हायला हवा म्हणून आईने एक्सेलमध्ये तक्ता केलाय, त्यात अकरा रकाने: भाषा, गणित, छोटे स्नायू, मोठे स्नायू, संगीत, चित्रकला, विज्ञान, स्मरणशक्ती, सामाजिक, भावनिक आणि स्वावलंबन. रकाने भरायला आठवड्यातून तीन क्लास (फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचन, डान्स आणि अबॅकसच्या आधीचा काहीतरी कोर्स), शिवाय रोज संध्याकाळी दोन वर्कशीट आणि फ्लॅशकार्ड. पहिले दोन महिने मुलाने आवडीने केलं. आता पेन्सिल दिसली की तो टेबलाखाली जाऊन बसतो, क्लासच्या दारात रडतो, रात्री खूप चिडचिड करतो. बाबा म्हणतात सगळं सोड, आपण कुठे गेलो होतो क्लासला. आजी म्हणतात लाडावलाय. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणते आणि स्वतःचं नाव लिहिते. "पाच वर्षांपर्यंत मेंदूचा ९० टक्के विकास होऊन जातो म्हणतात, म्हणजे माझ्या हातात नऊ महिने उरलेत. कुठला क्लास ठेवू, कुठला काढू? की मीच कुठेतरी कमी पडतेय?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तक्ता बघितला, तुम्ही फोटो जोडलाय, प्रत्येक रकान्याला वेगळा रंग, कुठे टिक कुठे फुली, आणि खरं सांगते, मेहनत बघून मलाच दमायला झालं. दुसऱ्यांदा वाचताना तक्त्यात काय नाहीये ते शोधत गेले. ते सापडलं पत्राच्या मधेच, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत: "झोपायला पावणेअकरा होतात, शाळेसाठी पावणेसातला उठवावंच लागतं, दुपारची झोप क्लासमुळे बंद केली."

हिशोब करा. आठ तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप हवी असं म्हटलंय. अगदी खालची कड धरली तरी तुमचा मुलगा रोज दोन तास मागे आहे, म्हणजे आठवड्याला चौदा तास, एक अख्खी रात्र आणि वर थोडं. मोठ्या माणसाची झोप झाली नाही तर ते पेंगतं, जांभया देतं. लहान मूल बऱ्याचदा उलट करतं, उड्या मारतं, किंचाळतं, मोजा उलटा घातला गेला म्हणून जमिनीवर आडवं पडतं, आणि बघणाऱ्याला वाटतं याच्यात एनर्जी फार आहे किंवा हा लाडावलाय. शिवाय दिवसभरात शिकलेलं पक्कं बसायचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे फ्लॅशकार्डासाठी झोप कापणं म्हणजे पाणी भरायच्या नादात घागरीलाच भोक पाडणं झालं.

म्हणून "कुठला क्लास काढू" याचं पहिलं उत्तर सोपं आहे, ज्याने दुपारची झोप खाल्ली तो. बाकीच्यांबद्दल पुढे बोलू. या वयात काही मुलं दुपारची झोप आपणहून सोडतात, तसं असेल तर जबरदस्तीने झोपवू नका, पण मग रात्र लवकर सुरू करा. पावणेअकरावरून एकदम साडेआठ नाही होणार, रोज दहा-पंधरा मिनिटं मागे सरकवा, आणि झोपायच्या आधीचा तासभर स्क्रीन बंद, सगळ्यांचाच. दोन आठवडे हे करून बघा आणि मगच मुलाच्या स्वभावाबद्दल काही मत बनवा. निम्मी चिडचिड इथेच गेली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता ते ९० टक्के. हे रीलमध्ये इतक्या वेळा फिरतं की कुणी थांबून विचारत नाही, ९० टक्के कशाचे? तर आकाराचे. मेंदूचं आकारमान पाच-सहा वर्षांपर्यंत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचतं, एवढंच ते वाक्य आहे. म्हणजे डोकं मोठं झालं, शिकणं संपलं असं नव्हे. कपाळामागचा जो भाग थांबायला, विचार करायला, मोह आवरायला लागतो तो विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पाचव्या वाढदिवसाला कुठलंही शटर खाली पडत नाही. हो, सुरुवातीची वर्षं खरोखर महत्त्वाची असतात, नजर, भाषेतले आवाज, माणसांवरचा विश्वास या गोष्टींचा पाया तेव्हा पडतो, त्यात वाद नाही. पण मेंदूला त्यासाठी जे लागतं ते म्हणजे उजेड, चेहरे, बोलणं, कुशी, हालचाल. फोनिक्सचा क्लास त्या यादीत येत नाही. तुमचे नऊ महिने कुणीतरी तुम्हाला घाबरवून विकलेत हो, ते परत करून टाका.

पण माझा खरा आक्षेप तक्त्यालाच आहे. तुम्ही सर्वांगीण विकास म्हणता आणि त्याचा अर्थ धरता प्रत्येक अंगाला एक रकाना आणि प्रत्येक रकान्याला एक काम. तुम्ही एकट्या नाही, मला येणारी निम्मी पत्रं अशीच असतात. पूर्वी फक्त पाढे आणि गिरवणं यांची धास्ती होती, आता "फक्त अभ्यास नको, सगळंच हवं" असं म्हणत म्हणत धास्तीच अकरा पट झाली! अंगं मोजता मोजता ज्याची अंगं आहेत तो मुलगाच सुटला.

एक साधी गोष्ट बघू. मूल तांब्यातून पेल्यात पाणी ओततंय. तुम्ही कधी शांत बसून हे बघितलंय का, मदत न करता? आधी तो दोन्ही हातांनी तांब्या उचलतो, कोपरं छातीला चिकटलेली, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. तांब्या कलतो, काही येत नाही. अजून कलतो, अजून नाही. मग एकदम भसकन येतं, पेला भरतो, वाहतो, टेबलावरून धार खाली, त्याच्या पायावर. तो तुमच्याकडे बघतो. हा क्षण महत्त्वाचा, कारण तुमच्या चेहऱ्यावर काय येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. तुम्ही ओरडला नाहीत, नुसतं म्हणालात "अरेच्चा, सांडलं, फडकं कुठेय?" तर तो फडकं आणतो, पुसतो, तुम्ही पिळायला शिकवता, दोन हातांची मनगटं उलटसुलट फिरवताना त्याचा चेहरा लाल होतो, दोन थेंब पडतात आणि तो म्हणतो "निघालं!" दुसऱ्यांदा ओततो तेव्हा तांब्या हळू कलवतो. तिसऱ्यांदा पेला भरायच्या आत थांबतो. आणि विचारतो, पाणी खालीच का जातं, वर का नाही जात?

आता सांगा, हे कुठल्या रकान्यात टाकाल? मोठे स्नायू, छोटे स्नायू, मोजमाप, विज्ञान, भाषा, चूक झाल्यावर स्वतःला सावरणं, स्वावलंबन, सगळंच आहे ना त्यात, आणि वेळ लागला दहा मिनिटं. चार वर्षांच्या मुलाचं शिकणं असं एकत्रच येतं, पाण्यातून साखर वेगळी काढता येत नाही तसं. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिलं बालघर काढलं, तिथेही मुलं ओतणं, पुसणं, बटणं लावणं, झाडणं हेच करत होती, आणि ते वेळ घालवायला म्हणून ठेवलेलं नव्हतं, अभ्यासक्रमच होता तो. आज माँटेसरी पाटी लावून वर्कशीट देणाऱ्या जागा आहेत, असो, तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर हा कॉलम संपणार नाही.

तक्ता करायचाच असेल तर मी वेगळे रकाने सुचवते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी इतर संस्थांबरोबर लहान मुलांच्या संगोपनाची एक चौकट मांडली, तिच्यात पाच गोष्टी आहेत: आरोग्य, पुरेसं पोषण, सुरक्षितता, मुलाच्या हाकेला ओ देणारी माणसं, आणि शिकायच्या संधी. पाचातली एक शिकण्याची. तुमचे अकराच्या अकरा रकाने त्या एकाच खणात बसलेत. बाकीचे चार खण रिकामे आहेत असं म्हणत नाही मी, तुम्ही त्याला जीव लावताय ते पत्रात पानोपानी दिसतं, पण ते तुम्ही "विकास" म्हणून मोजत नाही आणि म्हणून ते टाइमटेबलमधून सगळ्यात आधी कापलं जातं. झोपेचं तेच झालं.

त्या पाचातली "हाकेला ओ" ही गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला, तो पुढे फार गाजला. आई बाळाशी हसतेय खेळतेय, मग ती दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते, बघते पण प्रतिसाद देत नाही. काही महिन्यांचं बाळ आधी हसून बघतं, मग आवाज काढतं, हात पुढे करतं, सगळे उपाय संपले की मान फिरवतं आणि रडतं. आई पुन्हा हसली की हळूहळू सावरतं. यातून लोक एकच अर्थ काढतात की बघा, फोनमध्ये डोकं घातलं की बाळाचं काय होतं. तो अर्थ चूक नाही, पण सगळा नाही. त्याच ट्रॉनिकचं पुढचं काम सांगतं की चांगल्या आई-बाळांचंही बराच वेळ एकमेकांशी जुळलेलं नसतं, तुटतं, परत जुळतं, आणि त्या परत जुळण्यातूनच मूल शिकतं की बिघडलेलं दुरुस्त होतं. म्हणून तुम्ही ऑफिसातून दमून येता आणि पहिला अर्धा तास तुमच्यात काही उरलेलं नसतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. मुलाला तसं सांगा, "आई दमलीये, दहा मिनिटं पडते, मग तुझ्याजवळ येते," आणि मग खरंच जा. रोज वीस मिनिटं पुरे, फोन दुसऱ्या खोलीत, काय खेळायचं ते तो ठरवेल, तुम्ही शिकवायचं काही नाही. तो म्हणाला तू वाघ हो तर वाघ व्हा.

"मीच कमी पडतेय का" असं विचारलंत. रोज संध्याकाळी वर्कशीट घेऊन टेबलाखालच्या मुलाशी भांडण्यात जो वेळ आणि जीव जातो तो वाचवा, तुम्ही आपोआप पुरून उराल. पण हे वाटणं रोजचं झालं असेल, झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, रडू येत असेल, तर स्वतःसाठी डॉक्टरांशी बोला. आईची तब्येत हीसुद्धा मुलाच्या विकासाचीच बाब आहे.

आता पेन्सिल. तुम्ही लिहिलंय की तो अजून मुठीत धरतो आणि शाळेतल्या बाईंनी वहीत शेरा दिलाय. लहान मुलाचं मनगट आपल्या मनगटाची छोटी आवृत्ती नसतं. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्मतः ती कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात, एकेक करून टणक होत जातात आणि शेवटचं व्हायला साधारण नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. पेन्सिल तीन बोटांत धरणं बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमत जातं, कुणाला आधी कुणाला नंतर. हाडांचं कारण सांगून पेन्सिल लपवून ठेवा असं माझं म्हणणं नाही, त्याला रेघोट्या ओढायच्यात तर ओढू दे की. पण हात तयार होतो तो खांदा, कोपर, मनगट, बोटं अशा क्रमाने, मोठ्याकडून बारीककडे. म्हणून लोंबकळणं, चढणं, ढकलणं, माती मळणं, ओलं फडकं पिळणं, कागद फाडणं, कपड्यांचे चिमटे लावणं, भिंतीवर लावलेल्या मोठ्या कागदावर उभ्याने चितारणं, ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे. पेन्सिलीपेक्षा खडूचा पेरभर तुकडा द्या, तो मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात.

माझीच फजिती सांगते. माझा मुलगा साडेतीनचा असताना मी घरभर अक्षरांचे तक्ते लावले, न्हाणीघराच्या दारावरसुद्धा, हौस दांडगी. महिन्याभरात एकही अक्षर त्याच्या डोक्यात गेलं नाही. तक्ते मात्र एकामागून एक खाली यायला लागले कारण साहेबांना चिकटपट्टीचं टोक नखाने शोधून, न फाडता सोलत आणायचा नाद लागला. एक पट्टी पंधरा पंधरा मिनिटं चालायची, श्वास रोखून. मी चिडायचे. माझ्या सासूबाई म्हणाल्या, अगं सोलू दे, बोटं बघ कशी चालतायत. त्यांनी बालमानसशास्त्राचं एक पान वाचलेलं नव्हतं आणि मी चार पुस्तकं वाचून बसले होते. अक्षरं तो दोन वर्षांनी शिकला, सावकाश, फारसं रामायण न होता.

शेजारच्या मुलीचं कौतुक आहे, मनापासून. पण शंभरपर्यंत म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत तर आकडे म्हणणं म्हणजे निव्वळ पाठांतर, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी हे आपल्या तरी कधी डोक्यात येतं? मोजण्याची गंमत बघायचीय तर मुलाला सांगा, "मला पाच चमचे आणून दे." ज्याला आकडे नुसते पाठ आहेत तो मूठभर घेऊन येतो. ज्याला कळलंय की शेवटी म्हटलेला आकडा म्हणजे एकूण किती, तो पाचाशी थांबतो. ही समज साधारण साडेतीन-चारच्या आसपास येते, आणि शंभर म्हणणाऱ्या मुलात ती असेलच असं नाही. त्याच्यापुढचा प्रकार ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवलेला: नाण्यांच्या दोन सारख्या ओळी समोरासमोर मांडा, मग एका ओळीतली नाणी लांब लांब सरकवा आणि विचारा जास्त कुठे? चार वर्षांचं मूल बहुतेक वेळा पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवतं, त्याच्या डोळ्यांदेखत सरकवलेली असून. सहा-सातच्या सुमाराला तेच मूल हसून म्हणेल सारखीच आहेत की. हे कुणी शिकवून लवकर आणायची गरज नसते. तुम्ही फक्त धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला त्याला बसवा, जिन्याच्या पायऱ्या मोजत चढा, ताटं मांडताना विचारा आज कितीजण आहोत.

भाषेचंही असंच आहे. फोनिक्सच्या आधी कान तयार व्हावा लागतो, म्हणजे यमक, टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडणं, "क ने सुरू होणारं या खोलीत काय काय आहे" असले खेळ, आणि भरपूर गप्पा. गप्पा म्हणजे आपण बोलायचं आणि त्याने ऐकायचं असं नाही, चेंडू टाकायचा आणि तो परत यायची वाट बघायची. चार वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो, आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो, मनात पाच आकडे मोजा, मग बघा काय येतं ते. आणि ज्या भाषेत तुम्ही रागावता, चेष्टा करता, अंगाई म्हणता, त्या भाषेत बोला. शाळेची भाषा वेगळी असेल म्हणून घरी तुटक तुटक परकी भाषा बोलू नका, घरच्या भाषेत शब्दांचा साठा झाला की दुसरी भाषा त्याच्यावर चढते.

इथे आजी कामाला येतात. तुमच्या पत्रात त्या फक्त "लाडावलाय" म्हणण्यापुरत्या आल्यात, पण दिवसाचे सगळ्यात जास्त तास मुलाबरोबर त्याच असतात! त्यांना तक्ता दाखवून हे करा ते करा सांगू नका, त्यांच्याकडे जे आहे ते मागा. "आई, त्याला तुमची ती गोष्ट रोज सांगाल का, तुमच्याकडून ऐकताना फार रमतो" असं म्हणा, बघा. एकच गोष्ट पन्नास वेळा मागतो म्हणून कंटाळू नका, पन्नासाव्या वेळेला तो तुमच्या आधी पुढचं वाक्य म्हणतो, चुकलात तर पकडतो, क्रम, कारण, शब्द सगळं तिथे बसत असतं. मधेच थांबून विचारायचं, मग काय झालं असेल?

बाबांच्या म्हणण्याबद्दल. ते अर्धे बरोबर आहेत. क्लास सोडा इथपर्यंत बरोबर, "आपण कुठे गेलो होतो" इथे मला शंका आहे, कारण आपल्याला क्लास नव्हते पण मोकळी जागा होती, वेगवेगळ्या वयाची पोरं होती आणि हातात मोबाईल नव्हता. क्लास काढून ती दुपार स्क्रीनला दिली तर फायदा काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१९ च्या सूचनांमध्ये या वयासाठी स्क्रीन दिवसाला एक तासाच्या आत, कमी असेल तर उत्तम, आणि हालचाल दिवसभरात मिळून १८० मिनिटं, त्यातली ६० तरी दम लागेल अशी, असं आहे. म्हणजे बाबांना काम मिळालं. शनिवार-रविवार सकाळी बाहेर न्यायचं, पळायचं, चढायचं, पडायचं, आणि दोन मुलं खेळात भांडली तर लगेच पंच व्हायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं, कुणी कुणाला मारत नाही ना एवढंच बघायचं.

आणि मोठ्यांनी विचारपूर्वक काही करूच नये असंही नाही हं. अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी इथे १९६२ पासून पेरी प्रीस्कूलचा अभ्यास झाला, गरीब घरातली १२३ मुलं, त्यातल्या साधारण निम्म्यांना चांगली बालवाडी आणि आठवड्याला शिक्षकांची घरी भेट, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांत पुसला गेला, लोकांनी नाक मुरडलं. पण ती मुलं चाळिशीला पोचली तेव्हा बालवाडीवाल्यांची कमाई जास्त होती, अटकेच्या वेळा कमी होत्या. त्या बालवाडीत मुलं सकाळी काय करणार ते ठरवायची, करायची आणि मग काय केलं ते सांगायची. अभ्यास छोटा आहे, मुलं फार हलाखीतली होती, त्यामुळे तो जशाच्या तसा तुमच्या घराला लावू नका. पण आकड्यांची पाटी कोरी दिसतानाही आत काहीतरी घडत असतं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. ते ठरवा-करा-सांगा तर घरीही जमतं.

क्लासचा निकाल मग असा. अबॅकसच्या आधीचं जे काय आहे ते बंद, फोनिक्स बंद, फी भरली असेल तरी बंद, गेलेल्या पैशांमागे मुलाची दुपार घालवू नका. डान्स त्याला विचारून. विचारून म्हणजे "जायचंय का" असं नाही, त्याला चार वर्षांच्या मुलासारखं उत्तर येईल, सकाळी हो संध्याकाळी नाही. घरी आल्यावर तो नाच आपणहून करतो का ते बघा, खेळण्यांना शिकवतो का बघा. करत असेल तर ठेवा, दारातलं रडणं कदाचित दमल्यामुळे असेल आणि झोप सुधारली की थांबेल.

तो टेबलाखाली गेला की ओढून बाहेर काढू नका. तुम्हीही जमिनीवर बसा, जरा लांब, काही बोलू नका. थोड्या वेळाने "नको वाटतंय ना" एवढं म्हणा. त्या क्षणी त्याच्यात समजावणं ऐकणारा भाग चालू नसतो, आधी अंग शांत व्हावं लागतं, आणि ते दुसऱ्या शांत माणसाच्या जवळ होतं. शिस्त नको असं म्हणत नाहीये, मारायचं नाही, फेकायचं नाही हे ठाम सांगाच, पण वादळ ओसरल्यावर.

एक गोष्ट मात्र टाळू नका. झोप सुधारून, क्लास बंद करून महिनाभराने फारसा फरक दिसला नाही तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना "अभ्यास करत नाही" ही तक्रार नेऊ नका, नीट निरीक्षणं न्या. ऐकू येतं का, विशेषतः सर्दी झाल्यावर, कारण कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकणं कमी-जास्त होतं आणि घरचे म्हणतात मुद्दाम दुर्लक्ष करतो. दिसतं का नीट. फिकट, सुस्त वाटतो का, लोह कमी असलं की लक्ष लागत नाही, पण औषध मात्र तपासणीशिवाय नाही. घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का. अनोळखी माणसाला त्याचं बोलणं बहुतेक कळतं का, आपण होऊन वाक्यं जोडतो का, खोटं खोटं खेळतो का, इतर मुलांकडे ओढा आहे का. आणि आधी येत असलेलं काही, बोलणं असो की चालणं की मिसळणं, जाऊ लागलं असेल तर महिना वगैरे थांबूच नका, लगेच जा. "मुलगे उशिराच बोलतात" हे ऐकून वर्ष घालवलेल्या पालकांची पत्रं मला येतात, तपासणीत काही निघालं नाही तर उत्तमच, निघालं तर जितक्या लवकर मदत मिळेल तितकं चांगलं.

शाळेत बाईंना भेटा, भांडायला नको. वहीतला शेरा विषय म्हणून काढूच नका आधी. विचारा तो तिथे कुणाबरोबर खेळतो, बाहेर किती वेळ असतात, कधी खुश दिसतो. भिंतीवरची चित्रं बघून घ्या, वीस मुलांची वीस फुलं हुबेहूब सारखी असतील तर ती बाईंनी काढलीत. मग सांगा की आम्ही घरी लिखाण महिनाभर थांबवतोय, हाताच्या ताकदीची कामं देतोय, तुम्ही वर्गात पेन्सिलऐवजी खडू देऊन बघाल का. बऱ्याच बाई ऐकतात, त्यांच्यावरही वरून वह्या भरायचा ताण असतो.

त्या तक्त्याचे प्रिंट काढलेत म्हणालात ना बारा महिन्यांचे? त्यांची मागची बाजू कोरी असेल. सगळा गठ्ठा त्याला खाली फरशीवर देऊन टाका, सोबत खडू. आणि दोन महिन्यांनी मला लिहा, किती वाजता झोपतो ते आधी.